डिप्लोमा म्हणजे मोठा आयटीआय नव्हे

"गणितात जरा कच्चं आहे ओ पोरगं. डिप्लोमाला घालतो, म्हणजे हातात काहीतरी येईल."

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे. त्यामुळे दहावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक विचारायला येतात, आणि दरवर्षी निम्म्या जणांच्या तोंडी हेच वाक्य असतं. आता ऐकून वैताग येतो. या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही पोराला भोगाव्या लागतात.

अकरावी-बारावीवर इथं लिहीत नाही. ती वाट घराघरात माहीत आहे. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. घोळ होतो तो आयटीआय आणि डिप्लोमात. लोकांच्या डोक्यात एक शिडी असते. खाली आयटीआय, मध्ये डिप्लोमा, वर डिग्री. मार्क कमी पडले तर खालची पायरी, बरे पडले तर मधली. ही शिडीच मुळात चुकीची आहे.

वरवरचे फरक आधी उरकतो. आयटीआय एक किंवा दोन वर्षांचा, डिप्लोमा तीन वर्षांचा म्हणजे सहा सेमिस्टरचा. आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय करतं, डिप्लोमाचे तंत्रशिक्षण संचालनालय. डिप्लोमाची परीक्षा एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ घेतं. डिप्लोमाला दहावी पास लागतं. आयटीआयच्या वेल्डर, प्लंबर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. फी आयटीआयची कमी. हे सगळं माहितीपत्रकात मिळतं, त्यात कुणी फसत नाही.

फसतात ते ट्रेड आणि शाखा या दोन शब्दांत.

आयटीआयमध्ये ट्रेड असतो: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन. म्हणजे एक काम, आणि ते स्वतःच्या हातानं पुरं करून दाखवायचं. फिटरच्या पोराला पहिल्या काही महिन्यांत एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा एक तुकडा देतात. तो व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात धरायचा, फाइल म्हणजे कानस मारायची आणि चारही बाजू काटकोनात आणायच्या. जॉब झाला असं वाटलं की त्याला ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी लावून उजेडाकडे धरायचं. पट्टी आणि लोखंडाच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की जॉब परत व्हाइसमध्ये. दिवसभर हेच. हाताला घट्टे पडतात. पण दोन महिन्यांनी त्या पोराला नुसतं बोट फिरवून कळतं, कुठला कोपरा उंच आहे. हे ज्ञान पुस्तकात नाही आणि ते डिप्लोमात कुणी देतही नाही.

डिप्लोमात शाखा असते: मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर. तिथं पोरगं इंजिनिअरिंग शिकतं, फक्त दोन वर्षं आधी. वर्कशॉपचा तास असतो, फाइलही मारतात, पण ओळख होण्यापुरती. खरं काम असतं ड्रॉइंगचं, गणिताचं आणि जर्नल लिहिण्याचं. तो तुकडा तसाच का, त्यावर किती भार येईल, कुठल्या धातूचा करायचा, हे तिथं शिकवतात. एकाच जॉबला ही दोन पोरं दोन बाजूंनी भिडतात. आमच्या शॉपमध्ये दोघंही लागतात आणि एकाच्या जागी दुसरा उभा केला तर काम अडतं.

आता गणित. पहिल्या सेमिस्टरपासून लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह. दुसऱ्या सेमिस्टरला इंटिग्रेशन. सायन्सचा विद्यार्थी इंटिग्रेशनला बारावीत पोचतो. डिप्लोमाचं पोरगं दहावीनंतर वर्षाच्या आत पोचतं, आणि बहुतेक वर्गांत इंग्रजीतून. म्हणजे ज्याला गणित जड जातं म्हणून आपण सायन्स टाळलं, त्याला तेच गणित एक वर्ष आधी पुढ्यात वाढलं. मग गणित मागे राहतं, त्याच्या पाठोपाठ दुसरे दोन विषय राहतात, आणि घरी कळतं तेव्हा पोरानं कॉलेजला जाणंच सोडलेलं असतं. ते आळशी नसतं. त्याला चुकीच्या दारातून आत ढकललेलं असतं.

आयटीआयमध्ये गणित नाही असं नव्हे. टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा कोन काढायला त्रिकोणमिती लागतेच. पण ती मशीनसमोर उभं राहून लागते, आणि कशासाठी करतोय ते समोर दिसतं. वर्गात न बोलणारी कितीतरी पोरं तिथं गणित करायला लागलेली मी पाहिली आहेत.

मी स्वतः टर्नर. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलो. लेथवर माझा हात वर्गात सगळ्यांत चांगला होता. पण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या तासाला सरांनी फळ्यावर इंटिग्रेशनचं चिन्ह काढलं, आणि मी ते जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. बाकीच्यांचं पहिल्या वर्षात झालेलं. कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, की येण्याआधी एवढं करून ये. शेजारच्या बारावीच्या मुलीची वह्या-पुस्तकं आणून रात्री बसलो आणि एक वर्ष फार जड गेलं. म्हणून आयटीआयवरून डिप्लोमाला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: मधल्या सुट्टीत पहिल्या वर्षाच्या गणिताची दोन पुस्तकं संपव.

शिडी चुकीची आहे याचा सगळ्यांत ठसठशीत पुरावा रेल्वेत मिळतो. मिरज जंक्शन उशाशी असल्यामुळे आमच्याकडे रेल्वेची ओढ मोठी. असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे सहायक इंजिनचालकाच्या भरतीला आयटीआयही चालतो आणि ठराविक शाखांचा डिप्लोमाही. ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा लागतो, तिथं आयटीआय पुरत नाही. इथवर लोकांना पटतं. पण टेक्निशियन ग्रेड तीनच्या जाहिरातीत रेल्वेनं स्पष्ट लिहिलं होतं की आयटीआयच्या बदल्यात डिप्लोमा किंवा डिग्री धरली जाणार नाही. "माझा डिप्लोमा मोठा आहे, त्यात आयटीआय आलाच की" म्हणणारी पोरं तिथं बाहेर राहतात. मोठा-लहान असा हिशेबच नाही. फिटर हवा असेल तर फिटरच घेतात.

कोणत्या वाटेनं कुठं पोचता येतं, तेही नीट पाहा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला, की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एक वर्षाच्या ट्रेडला ही सोय नाही. वेल्डर आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) हे एक वर्षाचे. त्यामुळे पुढे शिकायची थोडीही इच्छा असेल, तर मी दोन वर्षांचा ट्रेडच घ्यायला सांगतो, मग त्यासाठी घरापासून लांबचा आयटीआय मिळाला तरी चालेल. आयटीआयवरून थेट इंजिनिअरिंगच्या डिग्रीला मात्र जाता येत नाही, मध्ये डिप्लोमा लागतो. नाहीतर 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करा. स्टायपेंड मिळतो आणि शेवटी प्रमाणपत्रही. 1910 साली माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या जिल्ह्याला कारखान्यात शिकून तयार झालेल्या कामगाराची किंमत माहीत आहे. ती घरात बसलेल्यांना अजून का कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलगी असेल तर आणखीच. म्हणतात, डिप्लोमा चालेल, आयटीआय नको. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचं काम मुली किती नेटकं करतात, ते एकदा येऊन बघा.

डिप्लोमाचा खरा फायदा ज्याचं गणित पक्कं आहे त्याला. डिप्लोमाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के असले, की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सीईटी न देता. तीन आणि तीन सहा वर्षं. बारावी करून गेलं तरी दोन आणि चार सहाच. वेळ तेवढाच, पण मधेच थांबावं लागलं तर हातात डिप्लोमा असतो. आमच्या भागात शेतकरी घरांत एखादं वर्ष वाईट गेलं की शिक्षण थांबतं, तिथं याला मोल आहे. मिरज आणि कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळत असेल तर सोडू नका. मात्र पुढे 1947 चं सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज किंवा 1960 चं कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी गाठायचं असेल, तर थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. पास होण्यापुरते मार्क तिथं कामाचे नाहीत. आणि डॉक्टरकीचा विचार मनाच्या कोपऱ्यातही असेल तर डिप्लोमा नकोच. नीटला बायॉलॉजीसह बारावी लागते.

एक गोष्ट मला अजिबात सहन होत नाही: क्लासच्या बोर्डांवरचा 'सहा महिन्यांत डिप्लोमा'. दहावीनंतरचा इंजिनिअरिंग डिप्लोमा तीन वर्षांपेक्षा कमी नसतो. डिप्लोमाचे पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा एमएसबीटीईची आहे का? आयटीआय असेल तर ट्रेडला डीजीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे का? उत्तराला वेळ लागला तर उठून या.

अर्ज तीन ठिकाणी करायचे आहेत, अकरावीचा, आयटीआयचा आणि डिप्लोमाचा. एक भरला की बाकीचे आपोआप होत नाहीत. दरवर्षी कुणीतरी डिप्लोमाच्या यादीची वाट बघत बसतो आणि तोवर आयटीआयची तारीख गेलेली असते. तिन्ही भरा, नंतर सोडता येतात. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन क्रिमीलेयरचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग जिन्यापर्यंत येते. आणि अर्जावर मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो मेसेज वाचतो. गेल्या वर्षी एका मावशींच्या मुलाला दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रिशियन मिळाला होता. मेसेज शेतावर गेलेल्या वडिलांच्या फोनवर चार दिवस तसाच पडून होता.