पॅकिंगच्या पट्ट्यांपासून क्विक चेंज टूलपोस्टपर्यंत

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या टर्नरचा, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्याचा, ड्रॉवर उघडा. मोडलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, पत्र्याच्या पट्ट्या आणि एखादी पितळी शिम त्यात सापडणारच. हे सगळं पॅकिंग. टूलचं टोक सेंटर हाइटला, म्हणजे जॉबच्या (लेथवर फिरणाऱ्या तुकड्याच्या) बरोबर मध्याच्या उंचीला यावं म्हणून ते टूलखाली घालायचं. घरच्या छोट्या लेथला क्विक चेंज टूलपोस्ट, म्हणजे टूल पटकन बदलता येणारा टूल धरायचा भाग, घ्यावा का आणि घेतला तर कोणता, हा प्रश्न माझ्या मते या पट्ट्यांपासून सुरू होतो.

टूल सेंटरच्या खाली राहिलं की फेसिंग (जॉबचं तोंड सपाट कापणं) करताना जॉबच्या मध्यभागी बारीक गुठळी उरते. वर गेलं की धार कापण्याऐवजी घासत बसते. बघायची जुनी युक्ती अशी: टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची मोजपट्टी उभी धरून अगदी हलकी दाबायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरवर आहे. तिचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. कोणत्याही टूलपोस्टची परीक्षा शेवटी ही पट्टीच घेते.

फार पूर्वी टूलपोस्ट नव्हताच. आडव्या टेकूवर टूल टेकवून टर्नर ते हातात धरायचा आणि उंची त्याच्या मनगटात असायची. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वोकान्सोंनी आणि शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांनी सरकत्या स्लाइडवर टूल पक्कं बसवलेले लेथ बनवले. त्यामुळे कामात नेमकेपणा आला, पण टूल बरोबर उंचीवर कसं बांधायचं हे नवं काम टर्नरच्या मागे लागलं.

अमेरिकी लेथवर त्याचं उत्तर म्हणून ‘लँटर्न’ टूलपोस्ट रुळला. त्यात एक खाच पाडलेला उभा खांब असतो, खाली एक रिंग आणि रिंगमध्ये होडीच्या आकाराची पट्टी. पट्टी पुढे-मागे डुलवली की टूलचं टोक वर-खाली होतं, पॅकिंग लागत नाही. त्या काळी टूलं भट्टीत घडवलेली असत आणि प्रत्येकाची जाडी वेगळी, त्यामुळे ही सोय शहाणपणाची होती. तिचे दोष पुढे दिसले: टूल डुलवलं की कापायचा कोनही बदलतो, आणि सगळा भार एका बोल्टवर येतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांच्या हायस्पीड स्टीलनं टोक लाल होईपर्यंत कट मारून दाखवले. १९२७ च्या सुमाराला जर्मनीत क्रुपनं टंगस्टन कार्बाइड ‘विडिया’ या नावानं बाजारात आणलं. वी डायमंट, म्हणजे हिऱ्यासारखं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये कार्बाइड लावलेल्या टूलला आजही विडियाचं टूल म्हणतात. कार्बाइड कठीण तितकंच ठिसूळ, त्याला हलणारा टूलपोस्ट अजिबात चालत नाही.

मग चौकोनी फोर-वे आला. एकावेळी चार टूलं, ९० अंशांत फिरवायचं, भक्कम पकड. आपल्या भागातल्या लेथवर तोच स्थिरावला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू होऊन तिथे लेथ बनू लागले, आणि १९५३ मध्ये स्विस ऑर्लिकॉनच्या सहकार्यानं बंगळूरला एचएमटी. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या शेडमध्ये मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क करणारे टर्नर याच लेथवर तयार झाले. त्यांच्यासाठी फोर-वे योग्यच होता. एकच पीस दोनशे वेळा करायचा असेल तर सकाळी अर्धा तास पॅकिंगमध्ये गेला तरी दिवसभर पॅकिंगला हात लावावा लागत नाही.

घरी करणाऱ्याचं गणित नेमकं उलटं असतं. आपण एकच पीस करतो आणि त्यासाठी टर्निंग, फेसिंग, बोरिंग (भोक मोठं करणं), पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं), नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी) अशी पाच-सहा टूलं बदलतो. मी दोन वर्षं फोर-वेवर काम केलं. एका स्टीलच्या बुशसाठी तीनदा पॅकिंग बदललं, आणि टेलस्टॉकच्या (लेथच्या उजव्या टोकाच्या आधाराच्या) बाजूनं हात घालताना शेजारच्या टूलनं अंगठा चिरला. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला चार टूलं धरणारा टूलपोस्ट नकोय, प्रत्येक टूलची उंची लक्षात ठेवणारा हवाय.

क्विक चेंजचं खरं मर्म तेच आहे. प्रत्येक टूल आपापल्या होल्डरमध्ये कायमचं बांधलेलं असतं. होल्डरवर उंचीचा एक नट असतो, तो एकदा लावून लॉक केला की होल्डर काढा-घाला, टोक पुन्हा त्याच जागी येतं. विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास याची तीन घराणी पुढे आली. अमेरिकेत अलोरिसचा डव्हटेलवाला, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या तिरप्या कडांच्या खाचेवर होल्डर सरकवायचा. इंग्लंडमध्ये डिक्सन, जो मायफोर्ड आणि कोलचेस्टरच्या लेथवर दिसतो. त्यात होल्डर व्ही आकाराच्या खोबणींवर ओढून घट्ट बसतो. तिसरा स्विस मल्टिफिक्स. त्याच्या गोल अंगावर ४० दात, म्हणजे होल्डर दर ९ अंशांनी लावता येतो. तिघांत मला मल्टिफिक्स सगळ्यात देखणा वाटतो. पण त्याचे दात पाडलेले होल्डर घरी बनवणं अवघड, आणि टूलपोस्टपेक्षा होल्डरच जास्त लागतात. म्हणून घरच्या लेथसाठी मी डव्हटेलच्या बाजूनं आहे. मिलिंगची सोय असलेल्या मित्राकडे एका रविवारी चार होल्डर सहज होतात.

डव्हटेलमध्येही दोन प्रकार येतात. पिस्टनवाल्यात हँडल फिरवलं की आतली पिन होल्डरला मधोमध ढकलून अडकवते. वेजवाल्यात पाचर डव्हटेलला लांबीभर कसते. पिस्टन स्वस्त पडतो आणि हलक्या कामाला पुरतो. पण पार्टिंग करताना चॅटर, म्हणजे टूलची थरथर, यायला लागला की वेजसाठी मोजलेले पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. जमत असेल तर वेजच घ्या.

सगळ्यात जास्त फसगत आकारात होते. चिनी बनावटीचे टूलपोस्ट साधारण ०, १००, २००, ३०० अशा क्रमांकांनी येतात. सात इंची मिनी लेथला ०, त्याहून मोठ्या नऊ ते बारा इंची स्विंगला (लेथवर फिरू शकणाऱ्या जॉबच्या कमाल व्यासाला) १००. नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. कंपाउंड स्लाइडच्या (टूलपोस्ट ज्यावर बसतो त्या छोट्या सरकत्या भागाच्या) वरच्या पृष्ठभागापासून सेंटरपर्यंतची उंची स्वतः मोजा. समजा ती २८ मि.मी. भरली आणि तुमचं टूल १२ मि.मी.चं आहे. तर होल्डरच्या खाचेचा तळ कंपाउंडपासून १६ मि.मी.वर यायला हवा. खाचेखालचं लोखंडच १८ मि.मी. जाड असेल तर टूल सेंटरवर कधीच येणार नाही, मग किंमत कितीही असो. तेव्हा एक तर छोटं टूल घ्यावं लागतं, नाही तर होल्डरचा तळ मिलिंग करून उतरवावा लागतो.

जुना लेथ घेतला असेल तर आणखी एक गोष्ट. सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आल्यावर बऱ्याच शेडमधून हातलेथ बाहेर पडले, त्यातले काही आपल्यासारख्यांच्या घरी आले. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना ब्रिटिश मापाचा टूलपोस्ट मिळाला तर उचलण्यापूर्वी बोल्टचा व्यास आणि आटे तपासा. नव्या टूलपोस्टबरोबर येणारा टी-नट बहुधा मुद्दाम मोठा, न कापलेला असतो. तो तुमच्या कंपाउंडवरच्या टी आकाराच्या खाचेला, म्हणजे टी-स्लॉटला, बसेल असा कापून घ्यायचा असतो. माझा मी भोसरीतल्या एका शेडमध्ये शेपरवर (पुढे-मागे सरकत धातू तासणाऱ्या मशीनवर) करून घेतला. तिथल्या काकांनी स्लॉटचं माप तीनदा विचारलं, नट दोन्ही बाजूंनी घासून पाहिला, आणि कंपाउंडवर बसवताना वरची कड स्लॉटच्या वर येत नाही ना, हे बोटानं चाचपून पाहायला सांगितलं. कड वर आली तर बोल्ट कसला तरी टूलपोस्ट खाली बसत नाही.