अंगावर काढू नका, पण दिसेल ती टेस्टही करू नका

आमच्या लॅबच्या काउंटरवर एक छोटी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन ठेवलंय बघा. ते कशाला, तर बऱ्याच ताया येतात, शुगरवाल्यांची रांग असते, मागं कुणाचे तरी भाऊजी उभे असतात आणि मग आवाज एकदम खाली जातो, "मॅडम, ते… खालचं तपासायचं होतं". तर बोलू नका, लिहून द्या. नुसतं "पांढरं" एवढं लिहिलं तरी आमच्या पोरींना कळतं आणि त्या तुम्हाला आतल्या खोलीत नेतात, तिथं बाईमाणूसच असतं, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या पण आहेत.

आता मुद्द्याचं. फोनवर जाहिराती येतात ना, महिलांचं स्पेशल पॅकेज, अमुक इतक्या टेस्ट तमुक रुपयात. आम्ही पण लॅबवालेच, टेस्ट वाढल्या तर गल्ला आमचाच भरतो, तरी सांगतो की सगळ्यांना सगळं लागत नाही. काही त्रास नसताना सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट करून कॅन्सर शोधायला जाऊ नका, ते गाठ नसतानाही वाढलेलं दिसतं आणि मग महिनाभर झोप उडते. हर्पिसची रक्ततपासणी पण तशीच, फोड कधी आलेच नसतील तर त्या रिपोर्टनं गोंधळच वाढतो. फॉर्मवर अशा टेस्टला टिक केलेली असली तर आम्ही आधी विचारतो, कुणी सांगितली आणि कशासाठी.

मग कुणाला काय लागतं

तिशी ओलांडली असेल आणि संबंध आलेले असतील तर पहिली टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची, म्हणजे एचपीव्ही किंवा पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन बघतात ती). आपल्याकडे बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल गर्भाशयाच्या तोंडाचाच कॅन्सर जास्त आढळतो आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की हा वेळेत धरता येतो. जवळपास सगळ्या केसेसमागं एचपीव्ही व्हायरस असतो, त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार मिळून साधारण ७० टक्के. व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात, एवढा वेळ हातात असतो.

आणि हे काही परदेशातलं ऐकीव नाही ओ, आपल्या शेजारचंच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवला, १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका होत्या त्यात, मुंबईचं टाटा आणि आपल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल दोघांचाही हात होता त्यात. २००९ साली निकाल छापून आले, तर ज्या गावांत बायकांची एचपीव्ही टेस्ट फक्त एकदाच केली होती तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. एकदाच केलेल्या टेस्टनं! जागतिक आरोग्य संघटना आता हीच टेस्ट तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी करायला सांगते, एचआयव्ही असलेल्या बायकांना पंचविशीपासून आणि जास्त लवकर लवकर.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींच्या अंगातून हा व्हायरस दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो, ज्यांच्यात टिकून राहतो त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि पुढं दुर्बिणीतून बघायचं, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. आणि हो, रिपोर्ट हातात घेऊन घरात भांडण काढू नका, हा व्हायरस कितीतरी वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, त्यावरून कुणी कुणाला फसवलं हे ठरत नाही.

दोन वाक्यं आम्ही रोज ऐकतो. एक, "माझं ऑपरेशन झालंय, मला कशाला?" अहो ते मूल न होण्याचं ऑपरेशन, तांबी पण तशीच, त्यानं इन्फेक्शन काही थांबत नाही, ते थांबवतो कंडोम. दुसरं, "माझी पिशवी काढलीये". पिशवीबरोबर तोंड पण काढलं असेल आणि आधी कॅन्सरची किंवा त्याआधीच्या बदलांची भानगड नसेल तर बहुतेक वेळा पॅपची गरज नसते, पण कधी कधी तोंड तसंच ठेवलेलं असतं, तेव्हा डिस्चार्ज कार्ड घेऊन या, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल तर शोधा.

इन्फेक्शनच्या टेस्ट

क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातून लागणारं एक इन्फेक्शन, हे नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलंही नसतं. बायकांमध्ये ते बहुतेक वेळा गपचूप राहतं, ना खाज ना दुखणं, आणि आतल्या आत गर्भाशयाच्या नळ्या खराब करतं, मग मूल राहत नाही म्हणून वर्षानुवर्षं उपवास आणि डॉक्टर दोन्ही चालू. गनोरिया पण त्याच जातीतलं. दोन्ही औषधानं बरे होतात. ट्रायकोमोनास पण बरा होतो, सिफिलिस सुद्धा, फक्त नवऱ्याला किंवा जोडीदाराला पण औषध घ्यावं लागतं, नाहीतर तुम्ही बऱ्या होता आणि पंधरा दिवसांत परत तेच. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी हे रक्तावर कळतं. गरोदर असाल तर यातलं एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी सोडूच नका, बाळाला लागण होऊ नये म्हणून बरंच काही करता येतं.

टायमिंगचं लक्षात ठेवा. काल काही घडलं आणि आज टेस्ट केली तर निगेटिव्हच येणार, त्या निगेटिव्हवर विसंबू नका. एचआयव्हीची नवीन पद्धतीची लॅब टेस्ट साधारण ४५ दिवसांनी खात्रीची होते, सिफिलिसला तीन महिन्यांपर्यंत थांबून परत बघावं लागतं. पण एचआयव्हीचा धोका झाला असं वाटत असेल तर टेस्टची वाट बघत घरी बसू नका, ७२ तासांच्या आत सरकारी हॉस्पिटल गाठा, तिथं एचआयव्ही रोखायच्या पेप नावाच्या गोळ्या सुरू करतात, जितक्या लवकर तितकं बरं.

अंगावरून पांढरं जाणं हे प्रत्येक वेळी "तसलं" इन्फेक्शन नसतं. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं जाणारच. दह्यासारखं घट्ट आणि खाज, तर बहुतेक बुरशी, ती सारखी सारखी होत असेल तर आम्ही शुगर पण बघायला सांगतो. माशासारखा वास येत असेल तर बहुतेक जंतूंचा तोल बिघडलेला असतो, आणि तो बिघडवायला साबण, डेटॉल, सुगंधी वॉश हे सगळे पुढं असतात. आत काही घालून धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे.

विड्या वळणाऱ्या आमच्या मावशी सकाळी मांडी घालून बसतात ते हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत उठत नाहीत, पाणी पीत नाहीत कारण मग जावं लागतं. मग जळजळ. ती जळजळ लघवीच्या इन्फेक्शनची असू शकते आणि क्लॅमिडियाची पण, दोन्ही सारखंच दुखतं, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या आधी तपासा.

यायच्या आधी

पॅप किंवा एचपीव्हीला पाळीत येऊ नका, आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको. उपाशी यायची गरज नाही, भाकरी खाऊन या. डॉक्टर मॅडम एक साधन आत घालून वाट उघडतात म्हणजे गर्भाशयाचं तोंड दिसतं, आमच्याकडं ते आधी कोमट पाण्यात धरतात कारण थंडगार लोखंड लागलं की बाई दचकते आणि मग सगळंच आवळतं, मग बारीक ब्रश फिरवला की झालं, दोन-तीन मिनिटं. थोडं टोचल्यासारखं होतं, एखाद दिवस डाग पडू शकतो. एचपीव्हीसाठी स्वतः आत काडी फिरवून नमुना देता येतो, पडद्यामागं जाऊन, कुणी बघत नाही.

लघवीचं मात्र सगळ्या चुकतात. कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या टेस्टला, सुरवातीची सोडून मधली धार. क्लॅमिडिया-गनोरियासाठी उलटं, अगदी पहिली धार, आणि त्याआधी तासभर लघवी केलेली नको. दोन टेस्ट असतील तर दोन डब्या देतो, झाकणावर लिहिलेलं असतं, पण तरी विचारा. या दोन इन्फेक्शनला बायकांमध्ये काडीवरचा नमुना लघवीपेक्षा चांगला, जमत असेल तर तोच द्या.

आमच्या फॉर्मवर "लग्न झालंय का" असं विचारत नाही, "संबंध आलेत का" असं विचारतो. खरं सांगा, कारण कधीच आले नसतील तर आतली तपासणी आम्ही करतच नाही.

रिपोर्ट कुठं पाठवायचा हे पण नीट सांगा. एकदा आमच्याकडूनच चूक झाली, नेहमीच्या सवयीनं घरच्या नंबरवर व्हॉट्सॲप गेलं आणि फोन होता सासूबाईंच्या हातात. तेव्हापासून या टेस्टचे रिपोर्ट फक्त हातात देतो, पावती दाखवून, नाहीतर तुम्ही लिहून दिलेल्या नंबरवर. एचआयव्हीची टेस्ट तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि तुमचा रिपोर्ट लॅब परस्पर दुसऱ्याला सांगू शकत नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा.

पैशाची अडचण असेल तर आमच्याकडं यायलाच पाहिजे असं काही नाही. सरकारी हॉस्पिटलात आयसीटीसी म्हणून सल्ला आणि तपासणीचं केंद्र असतं, तिथं एचआयव्ही फुकट तपासतात, शंका असेल तर १०९७ ला फोन लावा, तो पण फुकट. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून करतात, खराब जागा पांढरी दिसते, पाच वर्षांनी एकदा, त्यालाही पैसे नाहीत. तिथं जायला लांब पडत असेल किंवा रांग नको असेल तर मग आम्ही आहोतच, मॅडम शनिवारी दुपारी बसतात, आदल्या दिवशी नंबर लावा आणि जुने कागद असतील ते पिशवीत घालून आणा.