नोकरी हाच हुकमाचा पत्ता

समजा एक माणूस आठवडाभर ऑफिसात एक्सेलमध्ये डोकं घालून बसतो आणि शनिवार-रविवार मिळून दहा तास पोकर खेळतो. सात-आठ महिने झालेत, वहीत चांगला फायदा दिसतोय, आणि आता डोक्यात किडा वळवळायला लागलाय की बॉसचं तोंड कशाला बघायचं, हेच पूर्णवेळ केलं तर? लोक याला हिमतीचा प्रश्न समजतात. मला विचाराल तर हा सरळसरळ संख्याशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी काढता येतं.

पोकर नशिबाचा खेळ की डोक्याचा, हा वाद कायम चालू असतो. उत्तर "दोन्ही" असं आहे, पण किती टक्के काय, हे तुम्ही किती डाव खेळलात त्यावर ठरतं. हातात यावी अशी सगळ्यात भारी जोडी म्हणजे दोन एक्के, ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. आता समोरच्याकडे दोन राजे आहेत आणि पुढचे पत्ते उघडायच्या आधीच दोघांनी सगळे पैसे लावले, म्हणजे तुमच्यासाठी याहून चांगली परिस्थिती क्वचितच येणार, तरी अशा १०० वेळांपैकी साधारण १८ वेळा तुम्ही हरता. काही चुकलेलं नसतं, पैसे मात्र गेलेले असतात.

पोकरवाले याला व्हेरियन्स म्हणतात आणि हरले की त्याच्या नावाने बोटं मोडतात (जिंकल्यावर मात्र ते कौशल्य असतं). पण हे मोजता येतं. टेबलावरच्या बिग ब्लाइंडला, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच एका खेळाडूला लावाव्या लागणाऱ्या ठरलेल्या रकमेला, एकक धरा. नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा एक प्रकार, ज्यात कधीही समोरचे सगळे पैसे लावता येतात) एखादा चांगला खेळाडू दर १०० डावांमागे सरासरी ५ ब्लाइंड कमावतो असं समजू. त्याच १०० डावांतला चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ८० ते १०० ब्लाइंडच्या आसपास असतं, आपण १०० धरू. म्हणजे कमाई ५ची आणि हेलकावा १००चा! नगाऱ्याच्या आवाजात टिमकी ऐकू यावी कशी?

ती ऐकू येते, पण फार उशिरा. कारण कमाई डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते आणि हेलकावा डावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १०,००० डावांनंतर अपेक्षित फायदा ५०० ब्लाइंड आणि हेलकावा १,००० ब्लाइंड, म्हणजे हा खरोखर चांगला खेळाडूसुद्धा तेव्हा तोट्यात असण्याची शक्यता जवळपास ३१ टक्के. एक लाख डावांनंतर ती सहा टक्क्यांच्या थोडी खाली येते, तरी शून्य होत नाही.

आता आपल्या नोकरदाराकडे या. खऱ्या टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे आठवड्याचे ३००. त्याला १०,००० डाव व्हायला ३३ आठवडे लागतात आणि एक लाख व्हायला सहा वर्षांहून जास्त. सात-आठ महिन्यांच्या वहीवरून तो चांगला खेळतो की नाही हे त्याला स्वतःलाच कळू शकत नाही, आणि हे उलट बाजूनेही खरं आहे. ज्याचा फायदा-तोटा लांब पल्ल्यात शून्य आहे असे १०० जण घेतले, तर १०,००० डावांनंतर त्यातले १६-एक जण १,००० ब्लाइंड किंवा त्याहून जास्त वर असतील, निव्वळ योगायोगाने, आणि राजीनामा टाइप करायला बसतात ते बहुतेक हेच. ऑनलाइन एकाच वेळी चार टेबलं उघडली तर डाव भराभर होतात हे खरं, पण तिथे समोरचे सहसा जास्त तयारीचे असतात आणि दोन्हीकडे रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा कट, कापला जातोच. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, त्यातून खेळ चालवणारा आपला वाटा काढून घेणार, म्हणजे सगळ्यांचा मिळून हिशोब कायम उणेच.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. २०१५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या क्लॉडिको नावाच्या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रॅमविरुद्ध चार अव्वल व्यावसायिक ८०,००० डाव खेळले. चिप्स माणसांनी जास्त जिंकल्या, पण फरक इतका ठाम नव्हता की नशीब वगळून निकाल देता यावा, म्हणून संशोधकांनी त्याला संख्याशास्त्रीय बरोबरी म्हटलं. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाचा नवा प्रोग्रॅम लिब्राटस आला तेव्हा डाव १,२०,००० केले, वीस दिवस खेळ चालला आणि यावेळी यंत्र स्पष्टपणे जिंकलं. जगातल्या उत्तम खेळाडूंना ८०,००० डावही कमी पडले, आणि आपला गडी दहा हजारांवर आयुष्याचा निर्णय घ्यायला निघालाय.

मग कोणीतरी ख्रिस मनीमेकरचं नाव काढतंच. आडनाव खरंच हेच आहे. हा अकाउंटंट २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. बाकीच्या ८३८ जणांपैकी किती नावं तुम्हाला आठवतात?

आता पगाराची गंमत बघा, मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हाच भाग. खेळासाठी वेगळा काढलेला पैसा म्हणजे बँकरोल. तो कधीतरी पूर्ण संपण्याची शक्यता काढायचं एक ढोबळ सूत्र आहे, त्यात बँकरोल, सरासरी कमाई आणि हेलकावा एवढंच लागतं. वरच्याच खेळाडूकडे २,००० ब्लाइंड असले आणि त्याने त्यातून काहीच काढलं नाही, तर बुडण्याची शक्यता सुमारे १३.५ टक्के. पण घरखर्चासाठी तो कमाईतला अर्धा भाग काढत राहिला तर हीच शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास जाते. सगळीच कमाई खर्च केली तर आज ना उद्या बुडणं नक्की! खेळ तोच, माणूस तोच, फरक फक्त घरभाडं कुठून जातं एवढाच. याउलट पगारातून भर घालून बँकरोल दुप्पट केला आणि हात लावला नाही, तर शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. पोकरमध्ये हुकूम नसतो, पण असला तर तो पगार असता.

अर्थात नोकरी स्वतःची वसुलीही करते, आणि ती झोपेतून करते. १९९७ मध्ये नेचरमध्ये छापून आलेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्या लोकांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरली होती. सकाळी सहाला उठून ऑफिस करून आलेला माणूस रात्री अकराला टेबलावर नेमका तिथे असतो, दारूचा थेंबही न घेता. त्यात २०११ च्या एका मेंदू-संशोधनात दिसलं की रात्रभर जागल्यावर लोक जुगारी निर्णय घेताना फायद्याकडे जास्त ओढले जातात आणि तोटा टोचणं कमी होतं. शंभर डावांमागे ५ ब्लाइंडची कमाई असताना अशी एक-दोन चुकीची कॉल्स महिन्याभराची मेहनत धुऊन टाकतात.

आणि हरत असताना उठणं अवघड जातं ते वेगळंच. बरोबरीत येऊन उठू, असं म्हणत माणूस जास्त जोखीम घ्यायला लागतो, कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हाच कल मांडला होता. ऑनलाइन खेळाच्या नोंदी तपासून २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अनुभवी खेळाडूसुद्धा मोठा पॉट (डावात जमलेले पैसे) हरल्यावर सैल, म्हणजे कमकुवत पत्त्यांवरही पैसे लावत, खेळायला लागतात. पूर्णवेळवाला अशा वेळी पहाटेपर्यंत बसू शकतो. नोकरीवाल्याला सकाळी नऊची मीटिंग असते, आणि तिला शिव्या घालत का होईना तो उठतो.

आपल्या नोकरदाराने वहीत निकालासोबत किती वाजता बसलो, कितीला उठलो आणि आदल्या रात्री किती झोपलो हेही लिहायला हवं. मग प्रत्येक सेशनची कमाई ब्लाइंडमध्ये काढून सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, रात्री अकराच्या आधीचं वेगळं, नंतरचं वेगळं. एक्सेल त्याला येतंच, त्याचाच तर पगार मिळतो.