तंबूतली चूल आणि डिचोलीचा ओलावा

माझा भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला तो ऑगस्टात. इथं गोव्यात डिचोलीला पाऊस चौथ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता, घरातल्या दोऱ्यांवर कपडे लोंबत होते आणि कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरली होती. तो म्हणाला, "मामा, तंबू घ्यायचाय. आत चूल पेटवतात ना, तसला. कॉटनचा घेऊ की पॉलिस्टरचा? आणि चूल केवढी लागेल?"

तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत बंदुकीच्या शिकारीचा परवाना-हंगाम असतो. एल्क नावाच्या थोराड हरणामागे लोक डोंगरात आठ-आठ दिवस तळ ठोकतात. भाचा बंदूक हातात धरत नाही, तो त्या मंडळींचा स्वयंपाकी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंदच आहे, आणि ते योग्यच आहे असं मी मानतो. पण तळाचा तो तंबू मात्र बघण्यासारखा असतो. त्याला वॉल टेंट म्हणतात. चार-पाच फूट उंचीच्या उभ्या कापडी भिंती, वर आढं, दोन्ही बाजूंना उतरती पाखं. आपल्या कौलारू घराचाच आकार, फक्त कापडात शिवलेला. आत माणूस ताठ उभा राहू शकतो, आणि एका कोपऱ्यात पत्र्याची चूल बसते. तिचं धुराडं छपरातल्या एका भोकातून बाहेर काढतात. भोकाभोवती आगीला दाद न देणाऱ्या काचतंतूंच्या कापडाचं ठिगळ शिवलेलं असतं.

भाच्याचा प्रश्न थंडीचा होता. मी त्याला आधी पाण्याबद्दल सांगितलं.

त्याला कारण घडलेलं होतं. वडिलांच्या दुकानापुढे जाड कॅनव्हासची ताडपत्री असायची. एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस झाला, आणि मी ती ओलसर असतानाच घडी घालून माळ्यावर टाकली. दिवाळीआधी काढायला गेलो तर घडीच्या जागी काळे-हिरवे डाग, आणि दोन्ही हातांनी ओढल्यावर कापड पापडासारखं फाटलं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. दमट, उबदार आणि अंधाऱ्या जागी बुरशीला तो अन्नासारखाच. ती नुसती वर बसत नाही, तर विकरं म्हणजे एन्झाइम सोडून धागा पचवते.

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याला हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तंबू आणि कॅनव्हासचं इतर सामान डोळ्यांदेखत कुजत होतं. सॉलोमन बेटांवरच्या अशाच कुजक्या कॅनव्हासवरून एक बुरशी वेगळी काढण्यात आली. एल्विन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या विकरांचा अभ्यास केला, आणि पुढे तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. सैन्याचे तंबू खाणारी ती बुरशी आज कारखान्यांत मुद्दाम वाढवतात. जीन्सचं कापड मऊ करायला आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवताना तिची विकरं वापरली जातात. माझ्या ताडपत्रीवर नेमकी कुठली जात होती हे सांगता येणार नाही, पण धंदा तोच चालला होता.

आता तंबूच्या आत काय होतं ते पाहू. एक मधल्या मापाचा तंबू घेऊ: १२ फूट रुंद, १४ फूट लांब, भिंती ५ फूट, आढं ८ फुटांवर. आत हवा मावते सुमारे ३१ घनमीटर. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात साधारण पाव लीटर पाणी वाफेच्या रूपानं सोडतो. चार माणसं म्हणजे एक लीटर. शून्य अंश तापमानाला एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ मावते फक्त ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आख्ख्या तंबूतल्या हवेत १५० ग्रॅम. बाकीचं साडेआठशे ग्रॅम पाणी कुठं जाणार? ते थंड छपराला आतून चिकटतं आणि पहाटे थेंब थेंब अंगावर गळतं. बाहेर टिपूस पडलेला नसताना पांघरूण भिजतं, आणि नवख्या माणसाला वाटतं, तंबू गळका निघाला.

चुलीचं खरं काम इथं सुरू होतं. २० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ पेलते. बाहेरची शून्य अंशाची हवा अगदी काठोकाठ दमट असली, तरी आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर उतरते. त्यात चूल हवा खेचून धुराड्यातून वर सोडत असते. त्या जागी फटींतून बाहेरची हवा येते, तापते, कोरडी होते, ओल उचलते आणि निघून जाते. भिजलेले बूट, मोजे, कापड सगळं सुकतं. मी भाच्याला म्हटलं, तुझी चूल ऊब तर देईलच, पण त्याहून मोलाचं काम म्हणजे ती तुझा तंबू सुकवेल.

हेच आमच्याकडे जुलैत का जमत नाही? हवा २६ अंशांची, आर्द्रता ९० टक्के धरू. तिच्यात घनमीटरमागे २२ ग्रॅम पाणी आधीच बसलेलं आहे. मोंटानाच्या तंबूइतकी कोरडी म्हणजे २६ टक्क्यांवर ती आणायची, तर तापमान पन्नाशीजवळ न्यावं लागेल. आत बसणारा माणूस उकडून निघेल. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखालचा जाळ पावसाळ्यात दोरीवरचे कपडे सुकवतो ते एवढ्याचसाठी की कपडे जाळाच्या अगदी जवळ टांगलेले असतात. घरभर तो कोरडेपणा पुरत नाही.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट निघते. धुराडं नसलेला गॅसचा हीटर तंबूत लावू नये. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, आणि धुराडं नाही म्हणजे ते सगळं आतच राहतं. लाकूड जळतानाही पाणी तयार होतं, पण ते धुराबरोबर बाहेर जातं. कार्बन मोनॉक्साइडची भीती आहेच, त्याकडे पुढे येतो.

कापडाच्या बाबतीत माझा कौल सरळ कॉटनला आहे. कापसाचा धागा पाणी पिऊन आडवा फुगतो, लांबीत फारसा वाढत नाही. त्यामुळे घट्ट विणलेल्या कॅनव्हासची भोकं पाऊस लागला की स्वतःहून मिटतात, आणि सुकल्यावर पुन्हा उघडून वाफ बाहेर सोडतात. म्हणूनच नवा तंबू पहिल्यांदा अंगणात उभारून नळीनं पुरता भिजवायचा आणि उभ्याउभ्याच सुकू द्यायचा, म्हणजे शिवणीची सुईभोकंही दाटतात. भर पावसात आतून छपराला हात लावू नये असं जुने लोक सांगतात, त्यातही तथ्य आहे. कापडाच्या भोकांत पाणी पृष्ठताणामुळे अडून राहिलेलं असतं. बोट टेकलं की त्याला आत यायला वाट मिळते, आणि त्या जागी गळती लागते.

पॉलिस्टर हलकं असतं, बुरशी त्याचा धागा पचवू शकत नाही, किंमतही कमी. चूल नसती तर मी तेच सुचवलं असतं. पण पॉलिस्टर २५० ते २६० अंशांवर वितळतं, आणि धुराड्यातून उडालेली ठिणगी त्याहून कितीतरी तापलेली असते. छपराला चाळणी व्हायला एक वाऱ्याची रात्र पुरते. कापूस वितळत नाही, तो करपतो. ठिणगीनं लहानसं भोक पडतं, फार तर कडा धुमसत राहते, तीही वेळेवर दिसली तर चिमटीत विझते. आगरोधक प्रक्रिया केलेलं कॅनव्हास मिळतं आणि ते घ्यावं. त्याचा अर्थ एवढाच की जाळ बाजूला केल्यावर ते स्वतःहून विझतं. ते जळतच नाही, असा मात्र नाही.

जाडीचा प्रश्न वजनाशी बांधलेला आहे. तिकडे चौरस वारामागे १० औंस आणि १२ औंस अशी दोन मापं जास्त चालतात, म्हणजे आपल्या हिशेबानं चौरस मीटरमागे साधारण ३४० आणि ४१० ग्रॅम. आपल्या तंबूला ४५ चौरस मीटर कापड लागतं. १० औंसात नुसतं कापडच १५ किलो भरतं, सांगाडा आणि दोर वेगळे. हा पाठीवर घेऊन चालायचा तंबू नव्हे. त्याला गाडी हवी, नाहीतर घोडा. भाच्याच्या तळापर्यंत गाडी जाते, तेव्हा ती अडचण नव्हती. मी त्याला १० औंस घे म्हटलं आणि वाचलेल्या पैशांत वर घालायचं दुसरं छप्पर घ्यायला सांगितलं. दोन कापडांमधल्या हवेच्या थरामुळे दव कमी धरतं, ऊन मूळ कापडापर्यंत पोचत नाही, बर्फ घसरून पडतो, आणि ठिणग्या पडल्या तरी स्वस्तातल्या कापडावर पडतात. भिंतीच्या खालच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी जोडलेली आहे ना, हेही बघायला लावलं. कॅनव्हास ओल्या मातीला टेकलं की कुजायला तिथूनच सुरुवात होते.

चुलीचं माप उष्णतेच्या गळतीवरून ठरतं. एकपदरी कापडातून चौरस मीटरमागे, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, सुमारे ६ वॅट उष्णता निघून जाते. फरक २० अंशांचा ठेवायचा तर ४५ चौरस मीटरमधून साडेपाच किलोवॅटच्या आसपास. न्हाणीघरातले तीन गीझर एकदम चालू ठेवण्यासारखं आहे हे. चांगलं वाळलेलं एक किलो लाकूड १५ मेगाज्यूल देतं. पातळ पत्र्याच्या चुलीत त्यातलं निम्मं धुराड्यातून गेलं असं धरलं, तर तासाला अडीच किलोहून जास्त लाकूड लागेल, रात्रीला वीस किलो. आतल्या हवेचं वजन जेमतेम ४० किलो, म्हणून चूल विझली की हवेतली ऊब काही मिनिटांत नाहीशी होते. झोपायची पिशवी निवडताना चूल नाहीच असं समजून निवडावी. चूल संध्याकाळी कपडे सुकवायला आणि पहाटे उठायला. मध्यरात्री ती विझली तर विझू द्यावी.

लाकूड ओलं असेल तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. आधी त्यातलं पाणी उकळण्यात उष्णता जाते, जाळ थंड राहतो, अर्धवट जळलेला धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो. आमच्याकडे मे महिन्यात लाकडं, करवंट्या आणि चुडतं छपराखाली रचून ठेवतात. हे शहाणपण भाच्याला शिकवावं लागलं नाही, त्यानं आजीच्या घरी पाहिलेलं आहे.

तंबूत चूल ही कल्पना जुनी. हेन्री सिबली या अमेरिकी सेनाधिकाऱ्यानं १८५६ साली शंकूच्या आकाराच्या तंबूचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या नावानं ओळखली जाणारी, नरसाळं पालथं घालावं तशी पत्र्याची चूल पुढं कित्येक दशकं सैन्यात चालली. तिला तळच नव्हता. आजची चूल पेटीसारखी, पायांवर उभी असते. तळाशी दोन बोटं वाळू पसरली की पत्रा जळून जात नाही.

धुराडं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि खरेदी करताना सगळ्यात दुर्लक्षित. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना त्याचं विज्ञान हातानं ठाऊक आहे. मधली नळी तापेपर्यंत धूर डोळ्यांत, आणि एकदा तापली की जाळ घुं घुं आवाज करत वर ओढला जातो. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड, त्या दोन खांबांच्या वजनांतला फरक म्हणजे ओढ. दहा फूट उंचीचं धुराडं, आत सरासरी २५० अंश, बाहेर शून्य अंश असेल तर हा फरक सुमारे १८ पास्कल येतो. दोन मिलिमीटर पाण्याच्या थराचाही दाब त्याहून किंचित जास्त भरेल. इतक्या नाजूक दाबावर आतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो. म्हणून धुराड्याचं तोंड आढ्यापेक्षा वर हवं, नाहीतर आढ्यावरून घसरणारा वारा धूर परत आत ढकलतो. टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी हवी, आणि ती रोज झटकायला हवी, कारण डांबर धरून ती बुजली की ओढ संपली.

नळीचे तुकडे जोडतानाही चूक होते. छपरावर कौलं घालताना वरचं कौल खालच्याच्या वर येतं, पाणी बाहेर वाहावं म्हणून. धुराड्यात उलट: वरचा तुकडा खालच्याच्या आत जायला हवा. तिथं वाहणारं डांबर नळीच्या आतच राहून चुलीत परत पडायला हवं. उलटं जोडलं तर ते सांध्यातून झिरपून कापडावर ओघळतं.

आता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं थकव्यासारखीच असतात, म्हणून झोपेच्या आधी कुणाला संशय येत नाही. सर्वांत जास्त तो कधी तयार होतो? रात्री सगळे झोपताना, निखारे जास्त टिकावेत म्हणून चुलीची हवा बंद केली की. तेव्हा जाळाला हवा कमी पडते, आणि धुराडं गार होत जाऊन ओढही मंदावते. दोन्ही वाईट गोष्टी एकाच वेळी. आढ्याजवळची खिडकी आणि जमिनीलगतची एक फट कितीही थंडी असली तरी उघडी हवी, आणि बॅटरीवरचं कार्बन मोनॉक्साइडचं इशारायंत्र टांगलेलं हवं. भाच्याला मी सांगितलं, हे यंत्र घेतल्याचं बिल मला पाठव, नाहीतर तुझ्या आईशी मी बोलतो. त्यानं पाठवलं.

इथं गोव्यात असला तंबू कुणी विचारला तर? डिसेंबर-जानेवारीत मोले किंवा सुर्लाच्या बाजूला पहाटे गारवा असतो, पण तो चादरीनं भागतो. तंबू कॉटनचा चालेल, चूल नको. आणि जंगलात तर मुळीच नको. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांवर लागलेले वणवे विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. वाळलेल्या पानांचा थर त्या महिन्यांत घोट्यापर्यंत असतो. धुराड्याच्या जाळीवर विश्वास ठेवून तिथं आग पेटवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय ती पेटवणं कायद्यानंही गुन्हाच आहे.

भाच्यानं अखेर १२ बाय १४चा १० औंसांचा तंबू घेतला. नोव्हेंबरात तळ उठवला त्या सकाळी बर्फ पडत होता, कापड ओलंच गुंडाळून गाडीत टाकावं लागलं. घरी पोचल्यावर त्यानं ते गॅरेजमध्ये दोऱ्यांवर पसरलं आणि तिसऱ्या दिवशी मला फोटो पाठवला: वाळलं, आता घडी घालतो. मी म्हटलं, थांब, शिवणीच्या दुमडी आणि दोर ओवायच्या पट्ट्या बोटांनी दाबून बघ. तिथं कापडाचे चार-चार पदर असतात. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. आढ्याची शिवण अजून दमट होती.