हप्ता आला म्हणतात, पासबुकात मात्र नाही?
केंद्रात येण्याआधी एवढे वाचून या

लाडकी बहीण, पीएम-किसान, निराधारचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती. योजना कुठलीही असो, आमच्या टेबलावर प्रश्न एकच येतो: "आधार लिंक केलंय की हो, मग पैसे का येईनात?" सांगली-मिरजेतून येणाऱ्या ताई हेच विचारतात आणि जत-आटपाडीहून एसटीने येणारेही हेच विचारतात. म्हणून हे पत्रक.

बँकेत आधार दोन वेगळ्या कामांसाठी देतात. एक केवायसीसाठी, म्हणजे तुमची ओळख पटवायला. ते तुमच्या चारही खात्यांना दिलेले चालते. दुसरे सरकारी पैसे घेण्यासाठी, म्हणजे डीबीटीसाठी. ते एका वेळी एकाच बँकेला जोडलेले असते. बँकांमधली पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे एक यादी असते. तुमच्या आधार क्रमांकासमोर कोणती बँक, एवढेच तिच्यात लिहिलेले असते, खाते क्रमांक नसतो. सरकार आधारवर पैसे सोडते, यादीत ज्या बँकेचे नाव असेल तिथे ते जातात आणि ती बँक आपल्याकडच्या खात्यात जमा करते. त्यामुळे अर्जाला कोणत्या पासबुकाची झेरॉक्स जोडली होती, याला आधारवरून येणाऱ्या पैशांच्या बाबतीत अर्थ राहत नाही. यादीत सगळ्यात शेवटी ज्या बँकेने नोंद केली, तिचेच नाव राहते. आधीच्या बँकेचे नाव आपोआप निघून जाते आणि ते कुणी तुम्हाला घरी येऊन सांगत नाही.

आता ही शेवटची बँक कुठून येते ते बघा. सिमकार्ड घ्यायला गेलात, दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचे खाते काढून दिले. गटाच्या कर्जासाठी कंपनीचा माणूस आला, त्याने मोबाईलवर ओटीपी मागून नवे खाते उघडले. लग्नाआधी माहेरी काढलेले खाते अजून यादीत आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागात तर गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामाला बाहेरच्या राज्यात राहून आलेली कुटुंबे आहेत. तिथे भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर काढलेले खाते आजही यादीत चालू दिसते, आणि हप्ते निमूट तिकडे जमा होत असतात. पैसे बुडालेले नसतात, फक्त तुम्ही बघता त्या पासबुकात नसतात. खात्यावर दोन वर्षे तुमचा स्वतःचा काहीच व्यवहार झाला नसेल तर ते निष्क्रिय होऊ शकते. मग ते चालू करून घेण्याचे आणखी एक काम वाढते.

ज्या चुकीपायी तुमचे आणि आमचे दिवस जातात ती हीच: पैसे आले नाहीत की लोक आणखी एक खाते उघडतात. शेजारीण म्हणाली पोस्टात काढ, जावेने सांगितले दुसऱ्या बँकेत काढ. प्रत्येक नव्या खात्यासोबत यादीतले नाव पुन्हा बदलू शकते. आम्ही एका बँकेचा अर्ज देऊन पाठवतो, तो नोंदला जाईपर्यंत तुम्ही तिसरीकडे अंगठा दिलेला असतो, आणि काम पुन्हा पहिल्यापासून. दुसरा अर्ज भरूनही उपयोग नाही. उलट एकाच आधारवर दोन अर्ज दिसले की दोन्ही अडकण्याची भीती. एक वेळ हप्ता उशिरा आलेला चालेल, पण हे काम सुरू असताना नवे खाते काढू नका.

तपासायचे कसे? माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाका, नोंदवलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी घाला आणि बँक सीडिंगची, म्हणजे डीबीटीसाठी आधार कोणत्या बँकेला जोडले आहे त्याची, स्थिती उघडा. तीन गोष्टी बघायच्या: बँकेचे नाव, स्थिती चालू आहे की बंद, आणि नोंदीची तारीख. तारीख नीट बघा. त्या सुमारास आपण कुठे खाते काढले होते हे बहुतेकांना तिथल्या तिथे आठवते. बँक तीच आणि स्थिती चालू असूनही पैसे नाहीत, तर त्याच बँकेत तुमचे दुसरे खाते आहे का ते शाखेत विचारा. जनधनचे एक आणि बचतीचे एक, असे पुष्कळांचे असते. डीबीटीसाठी कोणते धरले आहे ते शाखाच सांगू शकते, आम्हालाही ते दिसत नाही.

बँक बदलायची असेल तर जिथे पैसे हवेत त्या शाखेत जा आणि आधार सीडिंगचा संमती अर्ज मागा. त्यात पहिल्यांदाच नोंद करतोय की दुसऱ्या बँकेतून हलवतोय, असे पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायापुढे जुन्या बँकेचे नाव लिहावे लागते. म्हणूनच आधी तपासणी, मग अर्ज. काउंटरवर "आधार लिंक करा" म्हटलेत तर पुन्हा केवायसी करून देतील. तेव्हा शब्द वापरा तो "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग". अर्जाची पोच घ्या, काही दिवसांनी पुन्हा स्थिती बघा, आणि तोवर थांबा.

ओटीपीच येत नसेल तर आधारला जुना नंबर आहे, बहुतेक मुलाचा किंवा बंद पडलेला. आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. त्याला कागदपत्र लागत नाही, पण दुसऱ्या कुणाला पाठवून चालत नाही.

शिष्यवृत्तीचे पालकांनी वेगळे लक्षात घ्यावे. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात त्या राज्याच्या संकेतस्थळावर, विद्यार्थ्याचे आधार असते, म्हणून खातेही विद्यार्थ्याचेच लागते. वडिलांचे पासबुक चालत नाही. मुलांचे बायोमेट्रिक 5 आणि 15 वर्षे पूर्ण झाल्यावर नव्याने द्यावे लागते. ते राहिले असेल तर ऐन अर्जाच्या वेळी अंगठा जुळत नाही. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरका. नावाचेही तसेच: आधारवर सुनीता, दाखल्यावर सुनिता, पासबुकात आडनाव माहेरचे, असे असेल तर आधी सांगा. आधारवरचे नाव जन्मात दोनदाच बदलता येते, त्यामुळे कोणता कागद कोणत्या कागदाप्रमाणे करायचा हे ठरवूनच हात घालावा.

"बाहेर दहा मिनिटांत अर्ज भरून देतात, तुम्ही पहिल्या दिवशी नुसते तपासता," ही तक्रार आम्ही ऐकतो. खरे आहे, आणि यापुढेही तसेच करणार. अर्ज भरणे सोपे असते. अडकलेला अर्ज सोडवायला मात्र तालुक्याला चार हेलपाटे होतात, आणि एका हेलपाट्यात रोजंदारीचा दिवस जातो. तपासणीचे आम्ही काही घेत नाही. सरकारी शुल्क असेल तिथे पावती मिळते. ओटीपी आम्ही फोनवर कधीच मागत नाही. आमचे नाव सांगून कुणी मागितला तरी देऊ नका.

एवढ्यासाठी आलाच आहात तर पलीकडच्या खोलीत डोकवा. शिवणवर्ग तिथेच चालतो. बचत गटाच्या वह्या लिहायलाही तिथेच शिकवतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला सहा महिन्यांनंतर बँकेचे दार उघडते. आमच्याकडे येणारे बरेच गट अडतात ते नोंदींवर. हळद किंवा बेदाणा पॅकिंगचा विचार असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे, आणि बँक वह्या बघते.

येताना आधार कार्ड, आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन चार्ज करून, आणि घरात असतील तेवढी सगळी पासबुके आणा, बंद पडलेलीसुद्धा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, झेरॉक्स पुरते. पासबुक महापुरात गेले असेल तर शाखेतून नवे मागून घ्या, आणि तेही नसेल तर ज्या गावात खाते काढले होते त्याचे नाव तरी आठवून या.