कळीचा चुना आणि रोमन काँक्रीट

बांधकामावर येणाऱ्या सिमेंटच्या पोत्यावर बऱ्याचदा ‘पीपीसी’ लिहिलेले असते. त्यातला मधला ‘पी’ म्हणजे पोझोलाना. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावावरून हे नाव पडले. आपल्याकडच्या पोत्यात ती बहुधा औष्णिक वीजकेंद्राची राख असते, रोमनांकडे ज्वालामुखीची होती. चुना एकटा पाण्यात टिकत नाही. ही राख जोडीला आली की तो पाण्याखालीही दगड होतो. आपली सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, हेच काम करते, आणि विटा-खापऱ्यांचा चुरा रोमन गवंडीही चुन्यात घालत.

नावांचा खरा घोळ पुढेच आहे. ‘सिमेंट’ ज्या लॅटिन शब्दावरून आले, तो ‘केमेंटा’ म्हणजे दगडाचे ओबडधोबड तुकडे. बांधून ठेवणारी पूड नव्हे. रोमन गवंडी काँक्रीट ओतत नसत. मुठीएवढे दगड आणि चुन्याचा माल यांचे थर एकावर एक बसवत. रोममधल्या पँथिऑन या देवळाचा 43.3 मीटर व्यासाचा घुमट असाच उभा आहे, आत लोखंडाची एक सळई नाही. तळाशी जड दगड, माथ्याकडे हलका सच्छिद्र प्युमिस. सळई नाही म्हणजे गंजायलाही काही नाही. टिकाऊपणाच्या गप्पांत ही साधी गोष्ट हटकून विसरली जाते.

रोमनंतरची शतके इथे सोडून देतो. 1759 मध्ये पुरा झालेल्या एका इंग्रजी दीपगृहासाठी इटलीहून पोझोलाना मागवला गेला आणि 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट निघाले, एवढे पुरे.

आताचा वाद चुना भिजवण्याचा आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातला लॅटिन ग्रंथ सांगतो की चुना आधी भिजवावा, मग एक भाग चुन्याला तीन भाग खाणीची वाळू घालावी; समुद्रातल्या कामाला एकास दोन राख. पण रोमन मालात चुन्याचे पांढरे खडे जागोजागी दिसतात. कित्येक वर्षे त्यांची बोळवण ‘नीट न कालवलेला माल’ म्हणून होत होती. 2023 च्या एका शोधनिबंधाने उलट मांडले: कळीचा, म्हणजे भाजलेला पण न भिजवलेला, चुना कोरडाच राखेत मिसळत आणि मग पाणी घालत. दिवाळीआधी रंगासाठी डब्यात कळीचा चुना भिजवताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ते फसफसणे आणि तापलेला डबा आठवेल. त्या उष्णतेत खडे शिल्लक राहतात. पुढे भिंतीला तडा गेला की पाणी त्या खड्यांपर्यंत पोचते, चुना विरघळतो आणि तडा बुजवतो. तसा माल करून चाचणी घेतली, तेव्हा दोन आठवड्यांत तड्यातून पाणी वाहायचे थांबले.

ग्रंथच प्रमाण मानणाऱ्यांना हे पटले नाही. माझा कल गवंड्याकडे आहे. पुस्तक लिहिणारा आणि घमेले उचलणारा एकच असतो असे नाही. इटलीतल्या पाँपेईत इ.स. 79 च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात काम अर्धवट राहिलेले एक घर अलीकडे उकरले गेले. तिथे कोरड्या मालाचा ढीग तसाच सापडला: ज्वालामुखीची राख आणि तिच्यात आधीच मिसळलेले कळीच्या चुन्याचे तुकडे. पाणी घालायचे तेवढे राहिले होते.

अर्थात एका घरावरून बंदरांचे धक्के ठरत नाहीत. तिथे समुद्राचे पाणीच आत झिरपून नवी खनिजे घडवते, असे 2017 मध्ये दाखवले गेले आहे, आणि ते काम कळीच्या चुन्याशिवायही चालते.