थॉमट्रोप (खेळांच्या चित्रांचा)

पुठ्ठ्याच्या गोल चकतीच्या दोन बाजूंना दोन अपुरी चित्रे काढून ती दोऱ्यावर गरगर फिरवली, की दोन्ही मिळून एकच पुरे चित्र दिसते. या कागदी खेळण्याला थॉमट्रोप म्हणतात. आश्चर्य आणि फिरणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले. एका बाजूला गोलपोस्ट आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉल काढला, की फिरत्या चकतीवर गोल झालेला दिसतो.

खेळण्याच्या जनकत्वाबद्दल वाद आहे. लंडनमध्ये 1825 साली ते विक्रीला आणले जॉन आयर्टन पॅरिस या डॉक्टरने, म्हणून श्रेय बहुधा त्यालाच मिळते. गणितज्ञ चार्ल्स बॅबेजची आठवण मात्र वेगळी आहे. शिलिंगच्या नाण्याच्या दोन्ही बाजू एकदम कशा दाखवशील, असे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने त्याला विचारले. बॅबेजने आरशाचा उपाय सुचवला. हर्शेलने नाणे टेबलावर उभे करून फिरवले. हे ऐकून विल्यम फिटन या त्यांच्या मित्राने पुठ्ठ्याची चकती तयार केली, असे बॅबेज सांगतो. पक्षी आणि पिंजरा ही तिच्यावरची जोडी आजही या खेळण्याची ओळख आहे.

डोळ्यासमोरून चित्र गेले तरी त्याचा ठसा क्षणभर टिकतो. तो पुसला जाण्याआधी दुसरी बाजू समोर आली, तर दोन्ही ठसे मिसळतात. यालाच दृष्टिसातत्य म्हणतात. मंद उजेडात हा ठसा जास्त वेळ टिकतो, त्यामुळे चकती थोडी हळू फिरली तरी चालते. लख्ख उन्हात तेच चित्र लुकलुकते. प्रत्येक बाजू निम्माच वेळ समोर असल्याने काळी रेघ समोरच्या पांढऱ्या कागदात मिसळून करडी दिसते. म्हणून रेषा ठळक हव्यात; पेन्सिलीचे नाजूक चित्र फिरताना जवळजवळ नाहीसे होते.

चित्रांची जोडी निवडताना हाच फिकेपणा लक्षात ठेवावा लागतो. चेंडू खेळाडूच्या अंगावर आला, तर तो भुतासारखा आरपार दिसतो. जाळीचे मात्र उलट आहे: ती मुळातच आरपार असते, त्यामुळे चेंडू खरोखर तिच्यात अडकल्यासारखा वाटतो. म्हणून फुटबॉलचा गोल, बास्केटबॉलची रिंग आणि टेनिसची रॅकेट ही चित्रे सहसा फसत नाहीत. हात वर केलेला भारोत्तोलक एका बाजूला आणि वजनांचा दांडा दुसऱ्या बाजूला, ही जोडीही छान जमते, कारण दोन्ही चित्रे एकमेकांवर फारशी येत नाहीत. क्रिकेटमध्ये तीन यष्टी एकीकडे, उडालेल्या बेल्स दुसरीकडे.

करताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. दोरे डाव्या-उजव्या कडेला बांधलेले असतात, त्यामुळे चकती वरची कड खाली जाईल अशी उलटते. मागचे चित्र पुढच्यासारखेच सरळ चिकटवले, तर फिरताना गोलरक्षक शीर्षासन करतो! हे टाळण्यासाठी सुमारे 8 सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापाव्यात. पहिलीवर जाळी काढून दुसरी तिच्यावर ठेवावी, दोन्ही खिडकीच्या काचेला धरून चेंडूची जागा ठरवावी आणि तिथे चेंडू काढावा. मग पहिली चकती, वरची कड खाली जाईल अशी पालथी घालून तिच्या पाठीवर दुसरी सरळ चिकटवावी. डिंक वाळल्यावर डाव्या-उजव्या कडांना भोके पाडून दोरे ओवावेत. भोके पाडण्याचे काम मोठ्यांनी करावे. दोन्ही दोऱ्यांना पीळ देऊन हात बाजूला ओढले, की चकती भिरभिरते.

पीळ देणे न जमणाऱ्या लहानग्यांसाठी दोन चकत्यांच्या मध्ये पेन्सिल किंवा स्ट्रॉ उभी चिकटवून ती तळहातांत घुसळायची सोपी तऱ्हा आहे. इथे आस उभा असतो, तेव्हा दोन्ही चित्रे सरळच ठेवायची. वरचा उलटा-सुलट नियम इथे लावला, तर पुन्हा फजिती होते.

थॉमट्रोपमध्ये हालचाल नसते, फक्त बेरीज असते. चेंडू उसळताना पाहायचा, तर चित्रांची मालिका लागते. तशी मालिका गोल तबकडीवर मांडून फटींतून पाहण्याचे यंत्र बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने 1832 साली बनवले.